पितों द ला फुर्नेझ: रियुनियनच्या ज्वालामुखीवर सहा दिवस

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण स्रोतातून दख्खनचं पठार आणि सह्याद्रीचा कातळ ओतला गेला, तो स्रोत अजून विझलेला नाही. भारताचा भूपट्ट त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला आणि वाटेत लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटांची रांग पडत गेली. पुढे महासागरातली दोन भूपट्टांमधली सीमाच त्याच्यावरून सरकली आणि त्याच्या खुणा आफ्रिकेच्या पट्टावर उमटू लागल्या. त्यातून मॉरिशस झालं आणि त्यानंतर रियुनियन. मादागास्करच्या पूर्वेला साधारण ७०० किमीवर असलेल्या या फ्रेंच बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात पितों द ला फुर्नेझ हा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. सरासरी नऊ महिन्यांतून एकदा तो फुटतो.

हरिश्चंद्रगड, नाणेघाट, राजगड पायाखाली घातलेल्या माणसाने जगातला एकच ज्वालामुखी पाहायचा ठरवला, तर तो हाच असावा असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे जो कातळ झिजलेला, झाडाझुडपांखाली दडलेला दिसतो, तोच इथे ताजा, काळाकुळीत आणि वर्षाच्या पाटीसह समोर येतो. २००७ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं. त्याचा गाभा बेटाचा जवळजवळ ४२ टक्के भाग व्यापतो. २०१० मध्ये बेटावरची शिखरं, कडे आणि खोल दऱ्या जागतिक वारसा यादीत गेल्या. उद्यानात शिरायला तिकीट नाही.

निघण्यापूर्वी

रियुनियन फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेन क्षेत्रात येत नाही. युरोपसाठी काढलेला व्हिसा इथे चालेल असं गृहीत धरून निघणारे विमानतळावरच अडकतात. व्हिसाच्या अर्जात ‘रियुनियन’ हे ठिकाण स्पष्ट लिहावं आणि त्या वेळचे नियम फ्रेंच दूतावासाच्या माहितीवरून तपासावेत. मुंबईहून मॉरिशसला थेट विमान आहे आणि तिथून रियुनियन पाऊण तासावर. मॉरिशसला पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी समाज आहे. जोडविमानासाठी एक रात्र थांबावं लागलंच, तर ती वाया गेली असं समजू नये.

मे ते नोव्हेंबर हा कोरडा काळ. डिसेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा, आणि इथला पाऊस आपल्या ताम्हिणी-आंबोलीच्याही पलीकडचा आहे. ज्वालामुखीच्या रस्त्यावरच्या कोमर्सों विवराजवळ फेब्रुवारी २००७ मध्ये गामेद वादळाने तीन दिवसांत ३,९०० मिमीहून जास्त पाऊस पाडला. तो जागतिक विक्रम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आकाश सर्वात स्वच्छ असतं, पण वर पहाटे पारा शून्याजवळ जातो आणि गवतावर दव गोठतं. ‘उष्ण कटिबंधातलं बेट’ म्हणून फक्त टी-शर्ट घेऊन आलेली मंडळी दर सकाळी कड्यावर कुडकुडताना दिसतात.

सामानात हे हवंच: जाड तळव्याचे, घोटा धरणारे बूट (नवे कोरे नकोत), लोकरी टोपी, वारा-पाऊस अडवणारं जाकीट, हातमोजे, हेडटॉर्च, उन्हासाठी मलम आणि काळा चष्मा. हातमोजे थंडीसाठी नव्हेत, लाव्ह्यासाठी. ताज्या लाव्ह्याचा पृष्ठभाग काचेसारखा असतो आणि तोल सांभाळायला तळहात टेकला तर सालटं निघतात.

गाडी भाड्याने घेण्याला पर्याय नाही, कारण ज्वालामुखीच्या कड्यापर्यंत नेहमीची बस जात नाही. वाहतूक उजव्या बाजूने चालते. बहुतेक गाड्या हाताने गिअर टाकायच्या असतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगून ठेवावी. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना बरोबर असावा. इंग्रजी फारसं चालत नाही, त्यामुळे फोनवर फ्रेंच भाषांतर आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्यावा.

पहिला दिवस: विमानतळ ते बूर-म्युरा

विमानतळ सें-दनी या राजधानीच्या पूर्वेला आहे. त्यामुळे शहराच्या कोंडीत न शिरता थेट पूर्व किनाऱ्याने सें-बनुआपर्यंत जावं आणि तिथून एन-३ रस्त्याने घाट चढावा. दीड-दोन तासांत प्लेन-दे-पाल्मिस्त ओलांडून १,६०० मीटरच्या बेलव्ह्यू खिंडीतून पलीकडच्या पठारावर उतरतो. एका हाताला ३,०७१ मीटरचा पितों द नेज, हा बेटाचा जुना ज्वालामुखी. तो हजारो वर्षं शांत आहे. दुसऱ्या हाताला फुर्नेझ. दोघांच्या मधल्या खोगिरात बूर-म्युरा हे गाव आहे, साधारण कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर. गायी, कुरणं आणि संध्याकाळी हमखास धुकं.

इथेच मुक्काम करावा. दोन कामं आजच उरकावीत: गाडीची टाकी भरणं आणि उद्या-परवाचा सुका खाऊ घेणं. पुढे कड्यापर्यंत ना पेट्रोल पंप, ना दुकान.

जेवणात ‘कारी’ म्हणून जे येतं ते आपल्याला परकं वाटत नाही. १८४८ मध्ये गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी तमिळ मजूर मोठ्या संख्येने आणले गेले; समोसे आणि ‘आशार’ नावाचं लोणचं इथे घरोघरी असतं. शाकाहारी असाल तर सिलाओसची मसूर, पालेभाजी आणि भात मागावा. आधी सांगितलं नाही तर ताटात मांसच येतं.

दुसरा दिवस: ज्वालामुखीचा रस्ता

बूर-म्युरापासून बेलकोंबच्या कड्यापर्यंत जेमतेम २२-२३ किमी. पाऊण तासात पोचता येतं आणि बहुतेक जण तसंच करतात. मला ते पटत नाही. हा रस्ता म्हणजे ज्वालामुखीचा पाच लाख वर्षांचा इतिहास आहे आणि तो बाहेरून आत, जुन्याकडून नव्याकडे उलगडत जातो. सकाळी सहाला निघून दुपारपर्यंत तो सावकाश पाहावा.

पहिला थांबा ने-द-बफ. गाडीतून उतरून चार पावलं टाकली की समोर रिव्हिएर दे रांपार नदीची दरी हजार मीटर कोसळलेली दिसते. समोरच्या भिंतीत लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेले आहेत, मधूनमधून तांबूस पट्टी. कोकणकड्यावर बसून पाहिलेल्या भिंतीची आठवण इथे होणारच, आणि ती योग्य आहे: तोच बेसॉल्ट, तसेच थर. ती तांबूस पट्टी म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये झिजून तयार झालेली माती, वरून आलेल्या पुढच्या लाव्ह्याने भाजलेली. घाटरस्त्यांच्या कापात आपल्याकडे जो लाल थर दिसतो, तोही असाच दोन थरांमधल्या विश्रांतीचा असतो. फरक आकाराचा आहे. इथला एखादा थर एक-दोन मीटरचा. दख्खनचे दहा-दहा, तीस-तीस मीटरचे, शेकडो किलोमीटर पसरलेले. फुर्नेझच्या २००७ च्या उद्रेकात, म्हणजे शंभर वर्षांतल्या सर्वात मोठ्या उद्रेकात, साधारण २० कोटी घनमीटर लाव्हा आला. दख्खनचा एकेक मोठा लोंढा हजार घनकिलोमीटरच्या घरातला होता. म्हणजे किमान काही हजार पट.

पुढे कोमर्सों विवर. रस्त्यापासून पाच मिनिटांवर लाकडी कठडा आहे आणि खाली दोनशेहून जास्त मीटर खोल खड्डा. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ फिलिबेर कोमर्सोंचं नाव त्याला दिलं आहे. इथपर्यंत रस्त्याच्या कडेला एरिकाची झुडपं आणि पिवळसर गवत असतं. टेक-टेक हा छोटा पक्षी अगदी हाताच्या अंतरावर येऊन बसतो. आपल्या गप्पीदासाचा हा इथला भाऊबंद, या बेटाबाहेर कुठेही नाही. त्याला खाऊ घालू नये. घातला की तो वाहनांच्या चाकांजवळ घुटमळायला शिकतो.

मग पा-दे-साब्लची खिंड येते आणि झाडोरा एकाएकी संपतो. खाली प्लेन दे साब्ल, तांबड्या-काळ्या राखेचं आणि बारीक खडीचं सपाट पठार. रस्ता नागमोडी उतरून त्याच्यावरून सरळ जातो. हे पठार म्हणजे ज्वालामुखीचं जुनं कोसळलेलं कुंड. फुर्नेझचा माथा तीनदा असा ढासळला आहे: सर्वात जुन्या पडझडीने रांपारची दरी, नंतरच्या पडझडीने हे पठार आणि सुमारे साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या पडझडीने आपण ज्यात उद्या उतरणार ते आँक्लो फूके. पोटातला मॅग्मा ओसरला की वरचं छत आधाराविना खाली बसतं, एवढीच त्याची यंत्रणा.

पठारावरचा रस्ता कच्चा आहे, पन्हाळी पत्र्यासारखा खडबडीत. वीसच्या वेगाने गेलं की गाडी खिळखिळी होत नाही. चाळीसला टायर फुटतो आणि इथे फोनची रेंज भरवशाची नाही. गाडी लावून पायवाटेने पठार अर्धं तरी चालावं. खाली वाकून पाहिलं तर राखेत हिरवे चमकदार कण सापडतात. तो ऑलिव्हिन, खोलवरून आलेल्या मॅग्मात आधी गोठणारं खनिज. पाहावं आणि तिथेच ठेवावं. उद्यानाच्या गाभ्यातून दगड, राख, रोप काहीही उचलायला मनाई आहे.

दुपारपर्यंत पा-द-बेलकोंब-जाकोब, उंची २,३११ मीटर. बेलकोंब हा इथला फ्रेंच गव्हर्नर, जो पुढे पाँडिचेरीचाही गव्हर्नर झाला. जाकोब हा गुलाम. १७६८ मध्ये कुंडात उतरायची वाट त्यानेच शोधून दिली. त्याचं नाव पाटीवर यायला पार आजच्या काळापर्यंत थांबावं लागलं. कड्याच्या टोकावरून पहिल्यांदा पूर्ण ज्वालामुखी दिसतो. चित्रातला टोकदार शंकू डोळ्यांपुढे असेल तर हा माथा अगदी सपाट वाटेल. पातळ, वाहता लाव्हा दूरवर पसरतो म्हणून ढालीसारखा बसका आकार होतो. भोवती आठ-नऊ किमी रुंदीचं कुंड, तिन्ही बाजूंनी कडे आणि चौथी बाजू समुद्राकडे उघडी.

दहा-अकरापासून खालून ढग चढतात आणि दुपारी कुंड भरून टाकतात. ते आलेले पाहून माघारी फिरू नये. कोरड्या महिन्यांत सूर्यास्ताच्या सुमारास ढग खाली बसतात आणि पुन्हा सगळं मोकळं होतं. म्हणूनच आजचा मुक्काम कड्यापासून थोड्याच अंतरावरच्या ‘जित द्यु व्होल्काँ’ या निवाऱ्यात असावा. बंकबेडच्या खोल्या, संध्याकाळी सातला सगळ्यांना एकत्र जेवण. काही आठवडे आधी नोंदणी लागते. पहाटे बूर-म्युराहून गाडी हाकत यायचं वाचतं, हा त्याचा खरा फायदा.

तिसरा दिवस: कुंडात आणि दोलोमियूच्या काठावर

उजाडताच कड्यावरच्या फाटकाशी असावं. फाटक उघडं आहे की बंद, हे प्रशासन ठरवतं आणि आदल्या रात्री निवाऱ्यात त्याची खात्री करून घ्यावी. माणशी तीन लिटर पाणी. आत झरा नाही, सावली नाही, दुकान नाही.

पहिल्या टप्प्यात पाचशेहून जास्त पायऱ्या आणि वळणं उतरून साधारण दीडशे मीटर खाली कुंडाच्या तळाशी येतो. ओल्या पायऱ्यांवर पाय घसरतात, घाई करू नये. तळाशी आल्यावर दहा मिनिटांत फोर्मिका लेओ, तांबूस रंगाचं छोटं टेकाड, १७५३ च्या उद्रेकातलं. लाव्ह्याच्या कारंज्यातून उडालेले तुकडे भोवती साचून ते झालं. त्याच्या माथ्यावर चढू नये. एकेका पावलासरशी ते खाली घसरतं आणि झीज भरून येत नाही.

इथून पुढे वाट म्हणजे कातळावरचे पांढऱ्या रंगाचे ठिपके. माती नसल्याने पायवाट मळत नाही, त्यामुळे हे ठिपके हाच एकमेव आधार. एका ठिपक्याशी उभं राहून पुढचा दिसल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. धुकं आलं आणि पुढचा ठिपका दिसेनासा झाला तर आहे तिथेच थांबावं, धुकं विरळ झालं की मागच्या ठिपक्याकडे यावं. अंदाजाने सरळ चालायला गेलेली माणसं इथे हरवतात. कुंडात सगळीकडे सारखंच दिसतं, उताराचा अंदाज लागत नाही आणि ओल्या कपड्यांत रात्र काढावी लागली तर थंडीनेच जीव जातो. अशा घटना घडलेल्या आहेत.

पायाखालचा लाव्हा दोन तऱ्हांचा. एक गुळगुळीत, सुरकुत्या पडलेला, पिळलेल्या दोरांचा. दुसरा खरखरीत, फुटक्या खडीचा, ज्याला इथे ‘ग्रातों’ म्हणतात. रसायन दोघांचं एकच. सावकाश, न ढवळता वाहिलेल्या लाव्ह्यावर साय धरते आणि ती आतल्या वाहण्याने दुमडत जाते, तो दोरांचा. वेगाने उतरताना किंवा थंड होत घट्ट झाल्यावर ती साय फाटत, तुटत जाते, तो खडीचा. दोरांच्या लाव्ह्यावर चालणं सोपं, पण त्याची वरची कवटी कुठेकुठे पातळ असते आणि खाली पोकळी. पायाखाली डबडब आवाज आला तर मागे सरून ठिपक्यांच्या रेषेवर यावं. घोटे इथे मोडतात ते याच पोकळ्यांत.

पृष्ठभाग जवळून पाहावा. सगळीकडे बारीक छिद्रं आहेत, निसटलेल्या वायूच्या बुडबुड्यांची. ती रिकामी आहेत, म्हणून दगड हातात हलका लागतो. दख्खनच्या दगडातही अशीच छिद्रं होती. लाखो वर्षं त्यांतून झिरपलेल्या गरम पाण्याने ती झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटीने भरली. जळगाव, नाशिक, पुण्याच्या खाणींतून जे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले, वाघोली ज्या निळ्या कॅव्हनसाइटसाठी प्रसिद्ध आहे, त्या साऱ्यांची सुरुवात या रिकाम्या छिद्रांतून झाली. इथे ती सुरुवात हाताने चाचपता येते.

अर्ध्या तासाने शापेल द रोझमों, लाव्ह्याचा फुगून पोकळ राहिलेला घुमट. बोरी द सें-व्हँसां हा निसर्गशास्त्रज्ञ १८०१ मध्ये इथे येऊन गेला. इथवरची वाट जवळजवळ सपाट. खरा चढ आता. शिखराच्या उत्तर अंगाने दीड तास चढत माथ्यावरच्या दोलोमियू विवराच्या काठावर, ठरवून दिलेल्या जागी पोचतो.

दोलोमियू साधारण एक किमी लांब, पाऊण किमी रुंद. एप्रिल २००७ पर्यंत ते जवळजवळ काठोकाठ भरलेलं होतं. त्या महिन्यात खाली किनाऱ्याजवळ भेग पडून पोटातला लाव्हा प्रचंड वेगाने बाहेर पडला, आधार गेला आणि विवराचा तळ काही दिवसांत तीनशे मीटरहून जास्त खचला. जुनी वाट बोरी विवराला वळसा घालून काठाकाठाने जायची. ती तेव्हापासून बंद आहे. काठ अजून तुटतो आहे. जमिनीत समांतर भेगा दिसतात, तिथून पुढे जाऊ नये, फोटोसाठी तर मुळीच नाही. काठाच्या कापात थर मोजता येतात आणि भिंतीत कुठेकुठे वाफ दिसते.

वर अर्धा तास पुरे. नऊ-साडेनऊला परत फिरलं की ढगांच्या आधी तळावरच्या सपाटीला लागतो. सगळी फेरी पाच-सहा तासांची. शेवटी त्या पाचशे पायऱ्या चढायच्या असतात, दुपारच्या उन्हात, पाणी संपत आल्यावर. पाण्याचा एक लिटर त्या चढासाठी वेगळा ठेवावा. मदतीसाठी क्रमांक ११२.

दुपारी बूर-म्युराला उतरून ‘सिते द्यु व्होल्काँ’ हे संग्रहालय पाहावं. ते डोंगर पाहण्याआधी पाहा असं बरेच जण सुचवतात. मी उलट सांगेन. कुंड चालून आल्यावर तिथल्या प्रतिकृती आणि उद्रेकांची चित्रणं दसपट कळतात. सोमवारी वेळ वेगळी असते. गावातच ज्वालामुखी वेधशाळा आहे. १९७७ च्या उद्रेकाने वस्तीत शिरून धडा दिला, त्यानंतर १९७९ च्या अखेरीस पॅरिसच्या भूभौतिकी संस्थेने ती उभारली.

चौथा दिवस: राखीव, किंवा पितों द बेर

हा दिवस मुद्दाम मोकळा ठेवावा. काल धुक्याने शिखर दिलं नसेल तर आज. ते मिळालं असेल तर फॉक-फॉकच्या वाहनतळावरून कुंडाच्या दक्षिण कड्याने पितों द बेरपर्यंत चालावं, जाऊन-येऊन तीन ते चार तास, चढ किरकोळ. इथून कुंडाचा दक्षिण भाग आणि समुद्राकडचा तीव्र उतार दिसतो. फॉक-फॉक हेही विक्रमी नाव: जानेवारी १९६६ मध्ये इथे २४ तासांत १,८२५ मिमी पाऊस पडला होता.

नेमका याच दिवसांत उद्रेक झाला तर? तसा योग आला तर हाच कडा सर्वात उपयोगी. उद्रेकाआधी जमीन फुगते आणि बारीक भूकंपांची मालिका सुरू होते. वेधशाळेची उपकरणं ते टिपतात. प्रशासन आधी ‘सतर्कता’, मग उद्रेक जवळ आला की पहिला इशारा आणि फुटल्यावर दुसरा इशारा जाहीर करतं. पहिल्या इशाऱ्याबरोबर कुंड रिकामं करून फाटक बंद होतं. पहिल्या हादऱ्यापासून भेग पडेपर्यंत कधी तासापेक्षाही कमी वेळ मिळतो, म्हणून आत असताना कर्मचाऱ्यांनी परत फिरायला सांगितलं तर वाद न घालता फिरावं. लाव्हा शिखरातूनच येईल असं नाही. बहुतेक वेळा उतारावर लांबट भेग उघडते आणि तिच्यावर कारंज्यांची ओळ दिसते. ती पितों द बेरच्या बाजूला असेल तर नशीब, उत्तरेला असेल तर दुसरा कडा शोधावा लागतो.

उद्रेकाच्या रात्री अख्खं बेट वर येतं. रस्त्याच्या कडेला किलोमीटरभर गाड्या लागतात, पोलीस वाहतूक अडवतात. गर्दीच्या आधी, म्हणजे रात्री दोन-तीनला निघून पहाटेचा अंधार गाठावा; दिवसा लाव्ह्याचा लाल रंग फिका पडतो आणि धूरच जास्त दिसतो. वायू अंगावर येत असेल तर वारा तो पलीकडे वाहून नेईल अशा बाजूला जावं. दम्याच्या रुग्णाने जाऊच नये.

पाचवा दिवस: दक्षिण किनारा आणि ग्राँ ब्रुले

तांपों, सें-पिएर, सें-जोझेफ करत सें-फिलिपला दोन तासांत पोचतो. उंची १,६०० मीटरवरून शून्यावर, थंडीतून दमट उकाड्यात. इथल्या किनाऱ्यावर व्हाकोआ दिसतात, आपल्या केवड्याच्याच वंशातली झाडं, तशाच आधारमुळ्या टेकून उभी. त्यांच्या पानांच्या टोपल्या-पिशव्या विणणं ही सें-फिलिपची जुनी कला आहे.

प्वेंत द ला ताब्ल इथे १९८६ मध्ये लाव्ह्याने बेटाला नवी जमीन जोडली. तो उद्रेक कुंडाबाहेर झाला होता. पायवाटेने तासाभरात फिरून होतं. काठाच्या अगदी कडेला जाऊ नये: समुद्र शांत दिसत असताना मधेच मोठी लाट कातळावर चढते आणि पुन्हा वर यायला धरायला काही नसतं.

त्रांब्लेनंतर ग्राँ ब्रुले सुरू होतं, कुंडाची समुद्राकडे उघडलेली बाजू. इथे वस्ती नाही. एन-२ रस्ता लाव्ह्याच्या लोंढ्यांवरून जातो आणि प्रत्येक लोंढ्याशी वर्षाची पाटी आहे. लाव्हा रस्ता तोडतो, थंड झाला की पुन्हा रस्ता बांधतात, हेच चालत आलं आहे. २००७ चा लोंढा त्यात सर्वात रुंद. २ एप्रिलला समुद्रसपाटीपासून जेमतेम सहाशे मीटर उंचीवर भेग पडली आणि त्याच रात्री लाव्हा रस्ता ओलांडून समुद्रात गेला. उकळत्या पाण्याने मेलेले खोल समुद्रातले मासे वर तरंगले आणि शास्त्रज्ञांनी ते अभ्यासासाठी गोळा केले. आतला भाग इतका हळू निवला की कित्येक वर्षं पाऊस पडला की त्यातून वाफा निघत.

या पाट्या नुसत्या वाचत पुढे जाऊ नये. प्रत्येक ठिकाणी गाडी नीट कडेला लावून पाच मिनिटं झाडोरा पाहावा. सर्वात आधी रुपेरी-करडा दगडफुलासारखा थर येतो, त्याच्या जोडीने भेगांत नेचे, मग झुडपं, आणि जुन्या लोंढ्यांवर पुन्हा दाट जंगल. हा किनारा बेटाच्या पावसाळी बाजूला आहे म्हणून हे इतक्या लवकर होतं. वर प्लेन दे साब्लवर शतकांपूर्वीची राखही अजून उघडी आहे. तिथे थंडी, वारा आणि पाणी न धरणारी खडी. दोन्ही ठिकाणं एका आठवड्यात पाहिली की आपल्या सड्यांवर आणि दऱ्यांत झाडं वेगवेगळी का येतात, याचा एक धागा हाती लागतो. परक्या वनस्पतींचं आक्रमण हा मात्र इथला गंभीर प्रश्न आहे. नव्या जमिनीवर स्थानिक रोपांच्या आधी बाहेरची झुडपं आणि सुरूची झाडं घुसतात.

सहावा दिवस: लाव्ह्याचे बोगदे आणि सेंत-रोझ

सकाळी २००४ च्या लोंढ्याखालचा बोगदा. परवानाधारक वाटाड्याशिवाय उतरू नये. वाटा फाटतात, छताचे काही भाग ढासळते आहेत आणि जोरदार पावसात आत पाणी भरतं. शिरस्त्राण, दिवा, गुडघ्यांची आवरणं आणि हातमोजे वाटाड्या देतो. अंगात पूर्ण बाह्यांचे जुने कपडे असावेत, ते फाटणारच आहेत. काही ठिकाणी रांगावं लागतं. बंद जागेची भीती असणाऱ्याने आधीच सांगावं, सोपी वाट निवडतात.

लोंढ्याचा वरचा भाग निवून छत होतं आणि आतला लाव्हा उष्णता न गमावता मैलोन् मैल वाहत राहतो. उद्रेक थांबला की तो निथळून जातो आणि नळी रिकामी राहते. भिंतींवर आडव्या रेघा दिसतात, लाव्ह्याची पातळी जिथे जिथे थांबली तिथे तिथे. छताला लाव्ह्याचे गोठलेले थेंब लोंबतात. ते हात लागला तरी तुटतात. इतका पातळ लाव्हा शिखरापासून समुद्रापर्यंत कसा पोचतो, हे कोडं या नळीत उभं राहिल्यावर सुटतं.

मग उत्तरेला बोआ-ब्लाँ ओलांडून पितों-सेंत-रोझ. एप्रिल १९७७ मध्ये कुंडाच्या बाहेर भेग पडली आणि लाव्हा या गावात शिरला. गाव आधीच रिकामं केलं होतं, माणसं वाचली, घरं गेली. लोंढा चर्चच्या दारापाशी येऊन दुभंगला आणि दोन्ही बाजूंनी पुढे गेला. नोत्र-दाम-दे-लाव्ह असं आज त्याचं नाव आहे. भिंतीला टेकलेला काळा कातळ तसाच ठेवला आहे. प्रार्थना चालू असेल तर आत फोटो काढू नयेत.

इथून विमानतळ तासाभराच्या आसपास, पण सें-बनुआपासून पुढे संध्याकाळी चारनंतर वाहतूक तुंबते. गाडी परत करण्याआधी ती धुवून घ्यावी. प्लेन दे साब्लची लाल धूळ आतपर्यंत शिरलेली असते आणि त्याचे वेगळे पैसे लावले जातात. बुटांचे तळवेही घासून काढावेत, त्यांत अडकलेली खडी आणि बिया बेटावरच राहाव्यात.